लांबट सोर्सची नवी नोझल-पट्टी: सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

दक्षिण कोरियातील एका छोट्या चाचणी-उत्पादन लाइनवर ओएलईडी पडद्यांचे (विजेवर स्वतः प्रकाशणारे) सेंद्रिय थर वाफेतून काचेवर चढवण्याचे काम मी पाहतो. आमच्या निर्वात चेंबरमधील लांबट सोर्सवर, म्हणजे साहित्य तापवून त्याची वाफ सोडणाऱ्या लांब साधनावर, गेले सहा महिने एका पुरवठादाराची नव्या रचनेची नोझल-पट्टी (वाफ सोडणाऱ्या तोंडांची रांग) बसवलेली आहे. ती घ्यावी की नाही, असे याच क्षेत्रातील दोन मराठी सहकाऱ्यांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: पट्टी घेण्यासारखी आहे, मात्र थराची जाडी सगळीकडे सारखी येते, एवढ्यावरून तिची पारख करू नये.

आमची काच ३७० × ४७० मिमीची असते. तिच्या मध्याखाली २०० मिमीवर एकाच तोंडाचे क्रुसिबल (साहित्य तापवण्याचे भांडे) ठेवले, तर १८५ मिमी दूरच्या कडेला थराची जाडी मध्याच्या जेमतेम २९ टक्के भरते. अंतर ४०० मिमी केले तर ती ६८ टक्क्यांपर्यंत जाते, पण मग महागडे साहित्य काचेऐवजी चेंबरच्या भिंतींवर जाऊन बसते. म्हणून ३७० मिमीच्या बाजूला समांतर असा लांबट सोर्स ठेवून काच त्याच्यावरून सरकवतात. त्यातही नोझल समान अंतरावर असतील, तर मध्यावर दोन्ही बाजूंची वाफ पोहोचते आणि टोकावर एकाच बाजूची. सोर्स उंचीच्या मानाने खूप लांब असेल तर टोकाची जाडी मध्याच्या जवळपास निम्मी होते. फोनच्या पडद्यात प्रकाश दोन परावर्तक थरांमधून ये-जा करून बाहेर पडतो, त्यामुळे काही नॅनोमीटरचा फरकही रंगात दिसू लागतो.

आमच्या जुन्या पट्टीवर सगळी नोझल एकसारखी आणि सरळ उभी होती. नव्या पट्टीत टोकांकडे नोझल दाट बसवली आहेत, मधली नोझल व्यासाच्या मानाने लांब ठेवून त्यांचा झोत अरुंद केला आहे, आणि दोन्ही टोकांची शेवटची नोझल किंचित बाहेरच्या बाजूला कललेली आहेत. आत, क्रुसिबल आणि नोझल यांच्या मध्ये, दाब सारखा करणारी छिद्रांची एक पट्टी आहे. मध्य आणि टोक यांच्यातील फरक ३ टक्क्यांच्या आत राहावा, ही आमची अट होती आणि पहिल्या महिन्यात ती प्रत्येक काचेवर पाळली गेली.

पण खरी परीक्षा मास्कच्या कडांवर असते. प्रत्येक रंगाचे ठिपके उमटवायला काचेला लागून इन्व्हारचा (तापल्यावर फार कमी प्रसरण पावणाऱ्या लोह-निकेल मिश्रधातूचा) पातळ जाळीदार मास्क असतो आणि वाफ तिरकी आली की त्याच्या छिद्राच्या कडेवरील पायरीची सावली थरावर पडते. पायरी ५ मायक्रोमीटरची असेल, तर उभ्या रेषेपासून ४५ अंशांनी येणाऱ्या वाफेची सावली ५ मायक्रोमीटर पसरते आणि ६० अंशांनी येणाऱ्या वाफेची ८.७ मायक्रोमीटर. इंचाला ४०० पिक्सेल असलेल्या पडद्यात एक पिक्सेल साडेत्रेसष्ट मायक्रोमीटरचा असतो आणि त्यातच तिन्ही रंग बसवायचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते. टोकाची उणीव भरून काढण्यासाठी नोझल वाटेल तितकी तिरपी केली, तर जाडीचा आलेख सरळ दिसतो आणि ठिपक्यांच्या कडा मात्र पुसट होतात. या पट्टीच्या रचनाकारांनी तो मोह टाळला आहे, आणि मला त्यांचे हेच काम सर्वांत मोलाचे वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या कडेचे ठिपके मध्यावरच्या ठिपक्यांइतके नसले, तरी जुन्या पट्टीपेक्षा स्पष्टपणे नेटके दिसतात.

तक्रार आहे ती उष्णतेबाबत. नोझलचे तोंड समोरच्या थंड मास्ककडे सतत उष्णता गमावते. ते क्रुसिबलपेक्षा थंड झाले की वाफ तिथेच गोठते. विरळ वाफेच्या प्रवाहात लांब, अरुंद नोझलमधून जाणारे प्रमाण व्यासाच्या घनानुसार बदलते, म्हणून २ मिमी व्यासाच्या नोझलमध्ये सगळीकडून ०.१ मिमीचे कवच चढले तरी त्यातून येणारी वाफ सुमारे २७ टक्क्यांनी घटते. आमच्या पट्टीच्या एका टोकाला, जिथे वरच्या हीटरची तार वळते, तिथे थोडी जागा तापायची राहून जात होती. दुसऱ्या महिन्यात सलग चार दिवस लाइन चालवल्यावर तिथली दोन नोझल अर्धवट बुजली. वाफेचा वेग मोजणारा क्वार्ट्झ क्रिस्टल मध्याजवळ असल्याने त्याला काहीच जाणवले नाही. दोष कळला तो काचेवरची जाडी मोजल्यावर. पुरवठादाराने हीटरची तार बदलून दिली, पण त्यासाठी आम्हाला तीन आठवडे थांबावे लागले, आणि इतक्या काळजीपूर्वक आखलेल्या वस्तूत ही त्रुटी राहायला नको होती.

त्यावर हीटरची शक्ती सरसकट वाढवणे हा उपाय नाही, हेही सांगितले पाहिजे. इन्व्हारचे प्रसरण अंशाला दशलक्षात सुमारे १.२ भाग इतकेच असले, तरी ४७० मिमीचा मास्क ५ अंशांनी तापला तर २.८ मायक्रोमीटर लांबतो. म्हणून नोझल आणि मास्क यांच्या मध्ये पाण्याने थंड केलेली पट्टी असते. नोझलची टोके तिच्यातून जास्त बाहेर आली की गार पडतात, आत राहिली की वाफेची कड त्या पट्टीवर अडते. पुरवठादाराने दिलेली उंची आमच्या साहित्याला योग्य ठरली. दुसऱ्या साहित्यासाठी ती नव्याने ठरवावी लागेल आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याविषयी एकच परिच्छेद आहे. सफाईसाठी प्रत्येक नोझल सुटे निघते, ही सोय मात्र उत्तम आहे.

यजमान साहित्य (थराचे मुख्य द्रव्य) आणि डोपंट (त्यात थोड्या प्रमाणात मिसळायचे द्रव्य) एकत्र चढवताना दोन्ही सोर्सचे झोत एकमेकांवर नेमके बसावे लागतात, नाहीतर जाडी बरोबर येऊनही मिश्रणाचे प्रमाण काचेभर बदलत जाते. सध्या आमच्या डोपंट-सोर्सवर जुनीच पट्टी आहे आणि तिथे ही विसंगती दिसते. त्यामुळे त्या सोर्ससाठी दुसरी पट्टी आम्ही मागवली असून, दोन्ही टोकांना वेगळे थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) आणि टोकाच्या नोझलचा एक जादा संच या दोन अटी मागणीपत्रात घातल्या आहेत.