शोकाच्या काळात वाचण्यासाठी गाथा : मोठ्या अक्षरांतील सार्थ आवृत्तीचा अभिप्राय

आमच्या थोरल्या भावाच्या निधनानंतर आईला रोज वाचता यावी म्हणून तुकोबारायांच्या गाथेची ही मोठ्या टाइपातील सार्थ आवृत्ती आम्ही घेतली. घरी शासकीय गाथेची जुनी प्रत होतीच. 1950 साली मुंबई सरकारने काढलेल्या त्या पाठाला आजही तोड नाही, परंतु तिच्यातील बारीक अक्षर आईला दिव्याच्या उजेडात लागत नाही आणि सोबत अर्थही नाही. ज्यांच्या घरात नुकतेच कोणी गेले आहे आणि ज्यांना ‘देवाची इच्छा’ या दोन शब्दांपलीकडे काही हवे आहे, अशा वाचकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

छपाई उत्तम आहे. कागद जाड असून मागच्या पानावरील अक्षर पुढे उमटत नाही, आणि शिलाईची बांधणी असल्यामुळे एवढा जाड ग्रंथ चौरंगावर उघडा ठेवला तरी पाने आपोआप मिटत नाहीत. अभंगांचे चरण सुटे छापले आहेत व शेवटी अकारविल्हे सूची आहे. त्यामुळे भजनात ऐकलेला एखादा अभंग आठवला की आई तो स्वतः शोधून काढते.

परंतु या ग्रंथाचे खरे मोल संपादकाने काहीही न वगळण्यात आहे. दुःखी माणसासाठी काढलेल्या निवडक अभंगांच्या पुस्तिकांत बहुधा ‘आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां’ एवढेच हाती पडते, आणि ते कितीही खरे असले तरी नुकताच घाव बसलेल्या माणसाला ती आज्ञा वाटू शकते. संपूर्ण गाथेत मात्र या ओळीपर्यंत येण्याची वाटही दिसते. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाविषयी तुकोबा स्वतः सांगतात, ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. आईवडील गेले, व्यापार बुडाला, लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली, हे सगळे ते त्याच अभंगात आडपडदा न ठेवता मांडतात. हे वाचल्यानंतर ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग समोर आला, की ही स्तुती पोटभर जेवलेल्या माणसाची नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय याच ग्रंथात ‘माझे लेखीं देव मेला’ असे म्हणून विठ्ठलाशी बोलणे टाकणारे तुकोबाही आहेत. भांडण आणि स्तोत्र एकाच मुखातून आलेले आहे, आणि ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच दारात बसून राहायचे, हीच मला येथे श्रद्धेची खूण दिसते.

आमच्या घरात सर्वाधिक वाचली गेलेली पाने मात्र कान्होबांची आहेत. तुकोबांच्या प्रयाणानंतर त्यांच्या या धाकट्या भावाने केलेले अभंग ग्रंथाच्या अखेरीस आहेत. ‘दुःखें दुभागलें हृदयसंपुट । गहिंवरें कंठ दाटताहे’ असे म्हणणारे कान्होबा पुढे पांडुरंगाला स्पष्ट बजावतात, की तुझी मुक्ती आणि ब्रह्मज्ञान तुझ्यापाशीच राहू दे, माझा भाऊ मला आणून दे. साक्षात वैकुंठाला गेलेल्या भावासाठीही त्यांनी आक्रोश केला, आणि वारकरी परंपरेने तो आक्रोश गाथेत जपून ठेवला! ज्या घरात सांत्वनाला आलेले लोक ‘आता रडायचे नाही’ असे सांगून जातात, तेथे या अभंगांचा केवढा आधार वाटतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

तक्रार आहे ती अर्थाविषयी. ‘पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें’ या ओळीखाली अर्थकाराने मायेचा नाश, वैराग्याची पूर्णता अशी कोरडी मांडणी केली आहे. ज्याने आपले मूल खरोखर गमावले त्याचे हे शब्द आहेत, याचा तेथे उल्लेखही नाही. मूल गमावलेल्या आईने हा अर्थ वाचला, तर देवाला तिचे रडणे आवडत नाही असाच तिचा समज होईल. हा अभंग एकटा काढून कोणालाही वाचायला देऊ नये. आधी दुष्काळाचा अभंग वाचावा आणि अर्थाकडे लक्ष न देता मूळ चरण सावकाश म्हणावेत.

आणखी एक उणीव अशी, की कान्होबांचे अभंग सूचीत तुकोबांच्या अभंगांत मिसळले आहेत, त्यामुळे ते एकत्र सापडत नाहीत. आम्ही त्या पानांत लाल दोरा घालून ठेवला आहे. ग्रंथ वजनाने बराच जड आहे. मांडीवर घेऊन वाचणाऱ्या वृद्धांना तो पेलणार नाही, म्हणून दोन खंडांत काढला असता तर बरे झाले असते. 600 रुपये ही किंमत या कागदाला आणि बांधणीला रास्त आहे. दुकानातून घेताना मधली पाने उलटी बांधलेली नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे, आणि कोणाच्या घरी भेटीला नेणार असाल तर तेराव्याची गर्दी ओसरल्यावर न्यावी.