वावर विकून पायलट की एनडीएतून? बारावीनंतरचे दोन रस्ते

गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण चालतं, अमरावतीच्या बेलोऱ्याहून २०२५ मध्ये प्रवासी विमान उडू लागलं. त्यामुळे ‘पायलट व्हायचं’ हे आता खेड्यातली पोरं-पोरीही म्हणतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच काळजीही.

स्वतःच्या पैशाने सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स घ्यायचं तर २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च साधारण ४० ते ६० लाख. पुढे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठराविक विमान उडवण्याची वेगळी परवानगी, तेही बहुतेकदा उमेदवाराच्याच खिशातून. शैक्षणिक कर्ज मोठं असलं की बँक तारण मागते, आणि इथेच गावाकडची माणसं अडकतात. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर त्या कायद्याने बँकेला वावर ताब्यात घेता येत नाही, म्हणून ती वावर तारण म्हणून सहसा घेतच नाही. शहरात घर किंवा मोठी ठेव नसेल तर वावर विकणं एवढाच मार्ग उरतो. लायसन्स हाती आलं की लगेच नोकरी लागते, असंही नाही. कोरडवाहू पाच एकरांवर जगणाऱ्या घराने हे आधीच धरून चालावं.

दुसरा रस्ता एनडीएचा, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. तिथे प्रशिक्षणाची फी नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. २०२२ पासून मुलीही तिथे शिकताहेत. पण लेखी परीक्षा, मग एसएसबी म्हणजे फौजेच्या निवड मंडळाची मुलाखत, आणि वैमानिकाची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच. तीत नापास झालं की हवाई दलात विमान उडवण्याचा दरवाजा कायमचा बंद. सीपीएलचे पेपर मात्र पुन्हा देता येतात. शिवाय ही फौजेची नोकरी आहे. मनात आलं म्हणून ती सोडून एअरलाइनला जाता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वय बसत असेल तर आधी एनडीए द्या. त्या तयारीतलं फिजिक्स-मॅथ्स सीपीएललाही कामी येतं, आणि सीपीएलला वयाची अशी घाई नाही. बारावीला कला शाखा घेतली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन सीपीएलकडे वळता येतं. एनडीएची हवाई शाखा मात्र त्याने उघडत नाही, तिला केमिस्ट्रीही लागते.

सीपीएलच घ्यायचं ठरलं तर पैशाचा क्रम चुकवू नका. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाने आधी प्रवेशाचे पैसे भरले. मग वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा निघाला. बापाने कापूस विकून जमवलेले पैसे गेले. ते घर मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. म्हणून आधी क्लास टू आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकासाठीच्या दोन वैद्यकीय तपासण्या. मग डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, काढून नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम हे पेपर. पास व्हायला ७० टक्के लागतात, पण अभ्यास घरी बसूनही होतो. परदेशातून लायसन्स आणलं तरी डीजीसीएचे पेपर पूर्ण सुटत नाहीत. इथवर खर्च हजारांतच राहतो. हे सगळं हाती आलं की मगच सातबारा बाहेर काढा, आणि तोही टाइप रेटिंगचा पैसा हिशेबात धरूनच.