कांचनाबुरीतली स्कूटर, एक स्टिकर आणि नऊ हजार बाट

थायलंडमध्ये भाड्याच्या दुचाकीवरून पर्यटकांना लुबाडले जाते, हे मला जाण्यापूर्वी ठाऊक होते. जुना ओरखडा नवा म्हणून दाखवायचा, पासपोर्ट अडकवून ठेवायचा आणि पैसे उकळायचे, ही रीत इतकी जुनी आहे की ती कोणाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही मी ९,००० बाट मोजून आलो. माझा व्यवसायच पतसंस्थांचे लेखापरीक्षण करण्याचा असल्यामुळे ही गोष्ट सांगताना मला लाज वाटते आणि तितकाच संतापही येतो. परंतु 'सावध राहा' एवढ्या उपदेशाने काही भागत नाही. सावध असलेल्या माणसालाही कसे गुंडाळले जाते, ते कोणीतरी तपशीलवार लिहायला हवे.

कांचनाबुरी हे बँकॉकच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेले गाव. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतलेल्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावरील ख्वे नदीचा पूल इथे आहे. नदीला समांतर जाणाऱ्या मे नाम ख्वे रस्त्यावर स्वस्त गेस्ट हाऊस, खानावळी, मसाजची दुकाने आणि रात्री उशिरापर्यंत गाणी वाजवणारे बार यांची रांग लागलेली असते. मी आणि माझा भाचा पाठीवर एकेक पिशवी घेऊन निघालो होतो. दोघांत मिळून ४०० बाटची पंख्याची खोली, ५० ते ६० बाटचे जेवण आणि माणशी दिवसाला ८०० बाटच्या वर जायचे नाही, असा हिशेब ठरलेला होता. अडचण एवढीच की बघण्यासारखी ठिकाणे गावापासून लांब आहेत. एरावानचा सात टप्प्यांचा धबधबा ६५ किलोमीटरवर, तर त्याच रेल्वेसाठी डोंगर फोडून काढलेली हेलफायर पास ही खिंड त्याहून दूर. "मामा, बसच्या वेळा सांभाळत बसलो तर अर्धा दिवस वाटेतच जाईल," असे भाच्याने म्हटले आणि त्यात चुकीचे काही नव्हते. आरटीओत १,००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही मी निघण्यापूर्वी काढून घेतला होता, हे मुद्दाम नमूद करतो, कारण नंतर प्रत्येकाने मला पहिला प्रश्न तोच विचारला.

दुकानाचे नाव इथे लिहीत नाही. थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्या माणसाला आणखी एक संधी देण्याची माझी इच्छा नाही. भाडे दिवसाला २५० बाट होते आणि तीन दिवसांचे ७५० बाट आगाऊ दिले. अनामत म्हणून १०,००० बाट रोख किंवा पासपोर्ट, असे दोनच पर्याय होते. पासपोर्टची छायाप्रत आणि ३,००० बाट ठेवतो, असे मी दोनदा सांगून पाहिले. दुकानातल्या बाईंनी हसून मान हलवली. शेजारच्या दुकानांतही हेच उत्तर मिळाले. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, धारकाची नव्हे, असे १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिले आहे आणि ते मला माहीत होते. पण संध्याकाळी साडेसहा वाजता परक्या गावात हा कायदा कोणाला सांगणार, आणि खिशात १०,००० बाट घेऊन स्वस्तातला प्रवास कोण करतो? छायाप्रत आणि दोन-तीन हजारांच्या रोख अनामतीवर गाडी देणारी दुकाने त्या देशात आहेत. ती सापडत नसतील तर स्कूटर घेऊ नका.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, त्याच्याकडे येतो. त्या बाईंनी स्कूटरची बाह्यरेखा छापलेला एक कागद पुढे केला आणि टॉर्च घेऊन आमच्यासोबत गाडीभोवती फिरल्या. डाव्या बाजूचे चार बारीक ओरखडे त्यांनी स्वतःहून दाखवले, कागदावर त्या त्या जागी लाल पेनाने गोल केले आणि आरशाच्या दांडीवरचा टवकाही नोंदवला. ज्या संस्थेचा व्यवस्थापक पाच-पंचवीस रुपयांच्या चुका आपण होऊन पुढे करतो, त्याच्या कर्जखात्यांकडे अधिक बारकाईने बघावे, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना शिकवत आलो आहे. इथे मात्र मी त्या लाल गोलांवर विसंबलो. उजव्या बाजूच्या पत्र्यावर, म्हणजे खरे तर प्लास्टिकवर, तळहाताएवढे मांजराचे एक स्टिकर होते. त्याची खालची कड किंचित सुटलेली होती आणि तिच्याखाली पांढरट काहीतरी दिसत होते. भाचा म्हणाला, "मामा, या बाजूचाही व्हिडिओ घेऊ का?" मी म्हणालो, "असू दे रे, त्यांनी सगळं लिहून घेतलंय." आणि ती सुटलेली कड माझ्या अंगठ्याने दाबून मी परत नीट चिकटवली.

माझे काय चुकले, असे मी अजूनही विचारतो. उजेड कमी होता, मागे दोन जर्मन मुली आपला नंबर येण्याची वाट बघत उभ्या होत्या, बाईंनी बर्फ घातलेला लिंबाचा चहा हातात दिला होता आणि स्टिकर हे काही संशय घेण्यासारखे प्रकरण नव्हे, कारण तिथल्या निम्म्या स्कूटरींवर कसली ना कसली चित्रे असतातच. भाड्याच्या दुचाकीवरचे प्रत्येक स्टिकर उचकटून बघा, दुकानदाराला राग आला तरी बघा, आणि संध्याकाळी गाडी कधीही ताब्यात घेऊ नका, हे मला आता सुचते आहे. त्याच गप्पांच्या ओघात बाईंनी आम्ही कुठे उतरलो आहोत आणि बँकॉकहून विमान कधी आहे, हे विचारून घेतले. अडचण आली तर उपयोगी पडेल, असे म्हणत त्यांनी दोन्ही उत्तरे त्याच कागदावर लिहिली. आमच्याकडे शेवटी किती वेळ उरणार आहे, हे त्यांना तिथेच कळले होते.

गाडी आम्ही जपून चालवली. ती कुठे पडली नाही की कुठे घासली नाही. परत देण्यास गेलो तेव्हा बाई दुकानात नव्हत्या. एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी हात जोडून स्वागत केले, "धुऊन तपासतो" अशा अर्थाचे काही बोलून गाडी मागच्या बाजूला नेली आणि दहा मिनिटांनी परत आणली तेव्हा मांजर गायब होते. त्या जागी जवळजवळ तळहाताएवढ्या लांबीचा, थेट प्लास्टिकपर्यंत गेलेला पांढरा ओरखडा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डिंकाच्या चिकट, काळपट रेघा होत्या, ज्यांत जुनी धूळ अडकून घट्ट झाली होती. मी त्या रेघांवर बोट ठेवून दाखवले. त्यांनी खिशातले फडके काढले आणि माझ्यादेखत ती जागा पुसून घेतली. परत करताना गाडी क्षणभरही नजरेआड जाऊ देऊ नका. धुवायची असेल तर स्वतः धुऊन न्या.

मग कॅल्क्युलेटर बाहेर आला. बाजूचे कव्हर ३,८०० बाट, त्याच्या रंगाशी जुळावे म्हणून पुढचेही कव्हर ४,५०० बाट, सायलेन्सरवरचे झाकण १,२०० बाट आणि दुरुस्तीच्या सात दिवसांचे बुडालेले भाडे १,७५० बाट, असे एकूण ११,२५० बाट. सायलेन्सरला काय झाले, याचे उत्तर मला शेवटपर्यंत मिळाले नाही. भाच्याच्या मोबाईलमध्ये एरावानच्या वाहनतळावर काढलेला एक फोटो होता, ज्यात तो त्याच स्कूटरवर बसलेला आहे आणि त्याच्या गुडघ्याशेजारी ते मांजर स्पष्ट दिसते आहे. तो फोटो दाखवल्यावर गृहस्थांनी खांदे उडवले. स्टिकर आम्हीच ओरखडा लपवण्यासाठी लावले असावे, असे त्यांचे म्हणणे पडले. पासपोर्ट त्यांच्या खणात, खणाला कुलूप, दुपारची बँकॉकची गाडी गाठायची आणि रात्रीचे विमान. विमा आहे ना, असे मी विचारले तेव्हा कळले की तिथल्या सक्तीच्या वाहनविम्यात माणसांच्या दुखापतीची भरपाई असते, गाडीच्या नुकसानीची नसते. हा प्रश्न भाडे देण्यापूर्वी विचारा.

पोलिसांकडे जातो, असे म्हटल्यावर ते गृहस्थ आनंदाने म्हणाले की जा. त्यांचा तो आनंद मला तिथे गेल्यावर समजला. तिथले अधिकारी अतिशय नम्र होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पहिला प्रश्न परवान्याचा केला. मी परवाना काढून टेबलावर ठेवल्यावर त्यांचा उत्साह ओसरला. मग त्यांनी आमची सही असलेला कागद वाचला, हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे असे भाषांतराच्या ॲपवरून सांगितले आणि दुकानदाराला फोन लावला. त्या फोनवर दोन्ही बाजूंनी जे हसणे चालले होते, ते समजायला थाई भाषा येण्याची गरज नव्हती. फोन संपल्यावर आकडा ९,००० बाटवर आलेला होता आणि २,२५० बाट वाचवून दिल्याबद्दल आम्ही आभार मानावेत, अशी त्यांची अपेक्षा दिसली. आमच्याकडे या प्रकाराला तोडपाणी म्हणतात. तक्रार लिहून घ्या आणि तिची प्रत द्या, एवढीच माझी मागणी होती. लिहून घेणारे उद्या येतील, असे उत्तर मिळाले. परदेशी माणसाचा पासपोर्ट एका खासगी दुकानाच्या खणात कुलूपबंद आहे, यात त्यांना काहीही वावगे वाटले नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने मी एटीएमकडे गेलो.

९,००० बाट काढण्यासाठी परदेशी कार्डावर २२० बाटचे शुल्क लागले. यंत्र रुपयांत रूपांतर करून देऊ का, असे विचारते. तिथे नेहमी नकार द्या, कारण त्यांचा दर बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. मी नकार दिला, म्हणजे निदान तिथे तरी लुबाडलो गेलो नाही. बाटला २.६० रुपये हा दर, बँकेचे साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरून खात्यातून २४,९६२ रुपये गेले. पासपोर्ट हातात आल्यावर, स्थानकाकडे जाताना एका दुरुस्तीच्या दुकानात भाच्याने त्याच मॉडेलच्या बाजूच्या कव्हरची किंमत विचारली. रंगासकट ९०० बाट.

इथवरचा राग मी गिळला असता, पण परत आल्यावर जी टोलवाटोलवी झाली तिने तो वाढवला. बँकेने कळवले की पैसे माझ्याच पिन क्रमांकाने काढले गेले असल्यामुळे हा फसवणुकीचा व्यवहार ठरत नाही. मी फसवून काढायला लावले असे लिहिले होते, चोरून काढले असे नव्हे. हा फरक तीन ई-मेल पाठवूनही कोणाच्या ध्यानात आला नाही आणि चौथ्याला उत्तर न देताच तक्रार 'निकाली' निघाली. प्रवासविम्याच्या कंपनीने भाड्याच्या वाहनाचे नुकसान पॉलिसीत बसत नाही असे सांगितले आणि वर पोलीस अहवालाची प्रत मागितली. जे पॉलिसीत बसतच नाही त्याच्यासाठी अहवाल कशाला, हे त्यांनाच ठाऊक. शेवटी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. गुन्हा परदेशातला आणि आरोपीही परदेशी, त्यामुळे आमच्या हद्दीत येत नाही, हे त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. परंतु समोरच्या हवालदारांनी अर्ज बाजूला ठेवून, "थायलंडला? बरं, बरं," असे म्हणत शेजाऱ्याकडे पाहून जे डोळे मिचकावले, ते मी समजून घेणार नाही. एक माणूस आपल्या बावीस वर्षांच्या भाच्याबरोबर युद्धस्मशान, रेल्वेचा पूल आणि धबधबा बघायला जाऊ शकतो, हे त्यांच्या कल्पनेपलीकडचे होते. लाजेपोटी तक्रार न करणारे किती असतील, याचा अंदाज मला त्या खुर्चीवर बसून आला.

नातेवाइकांत जे म्हणतात की पंचवीस हजारांसाठी एवढे काय, त्यांना सांगतो की आमच्या हिशेबाने ते दोघांच्या पाच दिवसांहून अधिक प्रवासाचे पैसे होते. आणि जे म्हणतात की पैसे न देता निघून यायचे, त्यांनी पासपोर्टशिवाय विमानात कसे बसतात तेही सांगावे. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवा आणि फोन करायचा तो पैसे देण्यापूर्वी, दुकानात उभे राहून करा. विमानाची खरी तारीख कोणालाही सांगू नका. विचारलेच तर अजून आठवडाभर आहोत असे सांगा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच स्कूटर परत करा.

आणि खरे म्हणजे त्या गावात स्कूटरवाचून काही अडत नाही. बँकॉकच्या थोनबुरी स्थानकावरून दिवसाला दोन गाड्या सुटतात, परदेशी प्रवाशाला १०० बाटचे तिकीट आहे आणि तीच गाडी पुलावरून पुढे, कड्याला बिलगलेल्या लाकडी मार्गावरून नाम तोकपर्यंत जाते. पूल आणि युद्धस्मशान सायकलवर सहज होतात. एरावानला बसस्थानकावरून ८१७० क्रमांकाची बस जाते, दीड तासाच्या आसपास लागतो आणि परदेशी प्रौढांना उद्यानाचे ३०० बाट वेगळे पडतात. परतीची शेवटची बस दुपारी चारला असते, तेव्हा साडेतीनलाच खाली येऊन थांबा. ती चुकली की फाटकाशी उभे असलेले पिकअपवाले तुमच्याकडे दुसरा मार्ग उरलेला नाही हे ओळखून भाव सांगतात, आणि तिथे घासाघीस चालत नाही.