शंभर मण्यांची गणितमाळ: सहा महिन्यांच्या वापरानंतर

दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीसाठी मी गेल्या जून महिन्यात शंभर मण्यांची गणितमाळ विकत घेतली, आणि सहा महिने जवळजवळ रोज हाताळल्यानंतर या वस्तूविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. माळ दिसायला अगदी साधी आहे. जाड दोऱ्यात ओवलेले शंभर मणी, पहिले दहा लाल, पुढचे दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी शेवटपर्यंत आलटून पालटून मांडणी, दोन्ही टोकांना गाठी आणि खुणेसाठी दोन चिमटे. मणी साधारण एक सेंटिमीटर व्यासाचे असल्यामुळे एकत्र सरकवले की ते मीटरभर भरतात, आणि ते मागेपुढे सरकावेत म्हणून दोरा त्याहून चांगला वीतभर लांब ठेवलेला असतो.

त्याआधी तीन महिने आम्ही फोनवरील गणिताचे एक ॲप वापरत होतो. त्यात प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद मिळत, वर एक रंगीत पट्टी आखडत जाई, आणि उत्तर चुकले की लाल फुली उमटून कर्कश आवाज होई. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर गवार निवडताना आठ आणि पाच शेंगा मिळून तेरा हे चटकन सांगणारी मुलगी त्या पडद्यासमोर मात्र खांदे आवळून बसू लागली. एकदा 27 + 5 असा प्रश्न आला असता तिने 5 या आकड्यावरच बोट ठेवले. असे का केलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “आई, ती पट्टी संपायच्या आत काहीतरी दाबायचं असतं.” प्रश्न तिने वाचलाच नव्हता, तिचे सगळे लक्ष पट्टीकडे होते.

हा तिच्या स्वभावाचा दोष नाही, असे मी ठामपणे म्हणते. 27 + 5 हे गणित मनात करताना मुलाला 27 लक्षात ठेवावे लागतात, तिसापर्यंत पोहोचायला तीन हवेत हे ओळखावे लागते, पाचातून ते तीन काढून द्यावे लागतात, उरलेले दोन विसरायचे नसतात आणि शेवटी ते तिसात मिळवायचे असतात. या सगळ्यासाठी मनातील जी तात्पुरती जागा वापरली जाते तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात, आणि ती मोठ्या माणसांतही फार तोकडी असते. ‘आता चुकणार’ ही धास्ती तीच जागा अडवते. अमेरिकेतील मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही अक्षरे लक्षात ठेवून त्याच वेळी बेरजा करायला सांगितल्या होत्या. गणिताची भीती असलेल्या विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त फरफट झाली ती हातच्याच्या बेरजांत, म्हणजे जिथे मनात काही धरून ठेवावे लागते नेमकी तिथे. वीस वर्षांच्या तरुणांची ही गत होत असेल, तर सात वर्षांच्या मुलीने पट्टीकडे पाहत राहावे यात नवल काय?

वेळेचे बंधन सरसकट वाईट, असेही मला म्हणायचे नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी 1908 साली उंदरांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात असे दिसले की सोपे काम शिकताना विजेचा झटका जितका तीव्र तितके शिकणे वेगाने होत गेले, पण काम अवघड झाल्यावर मध्यम झटकाच उपयोगी पडला आणि तीव्र झटक्याने शिकणे मंदावले. उंदरांवरून मुलांविषयी फार काही ठरवू नये हे खरे. तरीही पाठ झालेला पाचाचा पाढा घड्याळ लावून म्हणताना माझ्या मुलीला मजा येते आणि नुकत्याच ओळख झालेल्या हातच्यावर घड्याळ लावले की ती गोठते, हा घरातला अनुभव त्याच्याशी जुळतो. त्या ॲपची चूक अशी की पक्के झालेले आणि अजून कच्चे असलेले, दोन्ही ते एकाच घड्याळाने मोजत होते.

गणितमाळेची रचना याच ठिकाणी वेगळी ठरते. 27 दाखवायचे म्हणजे सत्ताविसाव्या मण्यानंतर चिमटा लावायचा. चिमट्याच्या डावीकडे आहेत ते सगळे मिळून 27. हे दिसायला दोन लाल-पांढरे दशक आणि त्यापुढे सात लाल मणी पुरतात, एकेक मोजत बसावे लागत नाही. पाच मिळवायचे तर तिसऱ्या दशकाचे उरलेले तीन लाल मणी समोरच असतात आणि त्यापुढे दोन पांढरे घेतले की झाले. वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांपैकी बहुतेक पायऱ्या माळच धरून ठेवते, आणि मुलीच्या मनात विचाराला जागा उरते. वजाबाकीत तर हे आणखी स्पष्ट होते. 52 आणि 38 यांतील फरक काढताना तिने दोन ठिकाणी दोन चिमटे लावले, मधल्या मण्यांकडे थोडा वेळ पाहिले आणि दोन, दहा, दोन असे म्हणत चौदा उत्तर दिले. ही रीत मी तिला शिकवली नव्हती.

मराठी मुलांना या माळेचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. आपल्याकडे सत्तावीस म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोनचा आकडा आधी येतो. त्यामुळे ऐकून 72 लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस एक’ अशा धर्तीवरचे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. जोडाक्षरांनी भरलेल्या संख्यानामांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसू नये, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मांडली होती. तो वाद पुष्कळसा भाषेच्या अभिमानावरून रंगला आणि मुलाच्या डोक्यावर एका वेळी किती ओझे पडते, हा त्यांचा मूळ मुद्दा मागे पडला, याचे मला आजही वाईट वाटते. आमच्या घरी आम्ही जुनीच नावे वापरतो, पण ती माळेवर बोट ठेवून. एका संध्याकाळी चिमटा तिसऱ्या दशकाच्या शेवटच्या मण्याआधी लावून मुलगी एकदम म्हणाली, “एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी! म्हणून एकोण!” मग तिने एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ अशी ठिकाणे एकामागून एक शोधली आणि शेवटी नव्याण्णवापाशी येऊन थांबली, कारण तिथे ‘एकोणशंभर’ म्हणत नाहीत. तिच्या चेहऱ्यावर जे कुतूहल होते ते त्या ॲपच्या तीन महिन्यांत मी एकदाही पाहिले नव्हते.

चूक झाल्यावर ही वस्तू काय करते, हेही पाहायला हवे. माळ काहीच करत नाही. चुकीच्या जागी लावलेला चिमटा तिथेच राहतो, मुलाला तो पुन्हा पाहता येतो आणि स्वतःच सरकवता येतो. चुकीची लाज वाटण्याआधी चूक दिसण्याची संधी मिळते, आणि मोठ्या माणसाने दोन मिनिटे गप्प बसण्याचे पथ्य पाळले तर बहुतेक वेळा ती दुरुस्तही होते. हे पथ्य मला स्वतःला फार जड गेले.

मात्र माळ कायम हातात ठेवली तर तिची कुबडी होते, हा धोका खरा आहे. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आले की सोप्या बेरजेलाही मुलगी एकेक मणी सरकवून मोजत आहे, कारण त्यात विचार करावा लागत नव्हता. तेव्हापासून आम्ही माळ भिंतीवर टांगली आणि हात न लावता फक्त पाहायचे असे ठरवले. पुढे माळेकडे पाठ करून उत्तर सांगायचे आणि मग वळून पडताळायचे. आणि आता ती कागदावर नुसती रेघ ओढून त्यावर उड्या काढते. मण्यांच्या माळेकडून रिकाम्या संख्यारेषेकडे जाण्याचा हा क्रम नेदरलँड्समधील गणितशिक्षणात रुजलेला आहे, आणि भारतात दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेने अशा माळेचा वापर शिक्षकांपर्यंत पोहोचवला आहे. आमच्या पाकिटात या क्रमाविषयी एक अक्षरही छापलेले नव्हते. छोटी माहितीपत्रिका घातली असती तरी अनेक पालकांचा गोंधळ टळला असता.

वस्तूच्या दर्जाविषयी माझी तक्रार आहे. मणी प्लास्टिकचे आणि गुळगुळीत आहेत, त्यामुळे माळ आडवी धरली नाही तर ते घरंगळून एका टोकाला जमा होतात आणि चिमटाही घसरतो. चौथ्या महिन्यात दोरा तुटून मणी घरभर विखुरले. पुन्हा ओवताना मुलीनेच सांगितले की सातव्या दशकात नऊच मणी आहेत; हरवलेला मणी कपाटाखाली सापडला. त्यानंतर आम्ही पतंगाचा नव्हे, तर गोधडी शिवायचा जाड दोरा वापरला आणि तो अजून टिकून आहे.

मला ही माळ 180 रुपयांना मिळाली. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी मी ती निःशंकपणे सुचवीन. गुणाकार आणि शंभरापुढील संख्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग झपाट्याने कमी होतो. विकत घेताना प्रत्येक दशकाचे मणी दुकानातच मोजून घ्यावेत, दोन रंगांत ठळक फरक आहे ना हे दिव्याच्या उजेडातही पाहावे, आणि चिमटा एकच दिला असेल तर दुसरा मागून घ्यावा, कारण फरक दाखवायला दोन लागतात.