नोंदणी क्रमांकाचे पहिले अक्षर

दहिसरचे वन रूम किचन अपुरे पडू लागल्यामुळे आम्ही कांदिवलीत बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत घर पाहत होतो, आणि ज्या एजंटाने ते दाखवले त्याच्या कार्डावर ‘महारेरा नोंदणीकृत’ (म्हणजे घरखरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदलेला) या शब्दांखाली लांबलचक क्रमांक छापलेला पाहून मी त्याची अधिक चौकशी केली नाही.

सातव्या मजल्यावरचा फ्लॅट अडवून ठेवण्यासाठी त्याने दीड लाखाचे टोकन मागितले. ते बिल्डरच्या नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करायचे होते. पत्नीने तेव्हाच हटकले होते. मी कार्डाकडे बोट दाखवले. पावती म्हणून स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसले व्हाउचर मिळाले, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प आणि आडवीतिडवी सही.

पंधरा दिवसांनी विक्री कार्यालयात गेलो, तर तो फ्लॅट केव्हाच विकला गेला होता आणि या गृहस्थांना तेथे कोणीही ओळखत नव्हते. घरी येऊन तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर शोधला. एजंटांमध्ये तो सापडेना. प्रकल्पांमध्ये मात्र लगेच सापडला. एजंटाचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. याने इमारतीचाच क्रमांक आपल्या नावाखाली छापून घेतला होता, आणि शंभर कार्डे छापायला खर्च तो कितीसा येणार!

२०१६च्या रेरा कायद्याच्या कलम ९नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरांचे व्यवहार जुळवून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी सक्तीची आहे, आणि महाराष्ट्रात २०२३पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. भाड्याच्या घराची दलाली मात्र या चौकटीत बसत नाही. विनानोंदणी काम करणाऱ्यास कलम ६२खाली दिवसाला दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. परंतु तो सरकारजमा होतो, त्यातून माझे टोकन परत मिळत नाही.

म्हणून पोलीस ठाण्यात गेलो. तेथील हवालदारांनी व्हाउचर उजेडात धरून तपशिलाचा रकाना मोठ्याने वाचला, तेव्हा तो मी प्रथमच नीट ऐकला: ‘हातउसने’. हा देण्याघेण्याचा वाद आहे, वकील गाठा, असे त्यांनी सांगितले. वकिलाच्या नोटिशीनंतर चाळीस हजार परत आले. उरलेल्या रकमेचा धनादेश वटला नाही, आणि आता त्या धनादेशाबद्दल मी केलेला दावा चालू आहे.