जिमचे कपडे: डिटर्जंट कमी केलं आणि वास गेला (बरेच महिने वापरून लिहितोय)

मागच्या उन्हाळ्यापासून घरात व्यायामाला सगळे पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सचेच (स्पॅन्डेक्स म्हणजे तो ताणला जाणारा धागा) कपडे आहेत, माझे ड्राय-फिट टीशर्ट आणि शॉर्ट्स, बायकोच्या लेगिंग्ज आणि स्पोर्ट्स ब्रा. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर बसतो तसलं, त्यामुळे खालचं सगळं जड पाण्यातला अनुभव म्हणून वाचा.

त्रास बहुतेकांचा एकच असतो, धुतलेल्या टीशर्टला कपाटातून काढताना काहीच वास नसतो आणि वॉर्मअप संपेपर्यंत तोच जुना घामट वास परत येतो. सुती बनियन घाम पिऊन घेतो, पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, पण अंगाचं तेल मात्र घट्ट धरून ठेवतं आणि बॅक्टेरियांना तेच हवं असतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये ह्यावर अभ्यास छापला होता, २६ जणांना तासभर सायकलिंग करायला लावून त्यांचे टीशर्ट तपासले, तर पॉलिस्टरचा वास सुतीपेक्षा जास्त वाईट निघाला आणि मायक्रोकॉकस नावाचे बॅक्टेरिया पॉलिस्टरवर जास्त वाढलेले सापडले. म्हणजे तेल निघालं पाहिजे, नुसता सुगंध टाकून काही होत नाही.

आणि म्हणूनच सॉफ्टनर पूर्ण बंद करा, हे मी सगळ्यात आधी सांगेन. तो कापडावर एक थर सोडतो, त्याने टीशर्टची घाम बाहेर टाकून वाळायची ताकद कमी होते आणि खालचं तेल पण नीट निघत नाही. पावडरचंही तसंच, वास येतो म्हणून लोक अजून एक चमचा टाकतात, पण गार पाण्यात ती सगळी विरघळत नाही आणि जड पाण्यात तर अजूनच चिकटून राहते. आमच्याकडे आता लिक्विड, तेही बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमीच, आणि एक जास्तीचं रिन्स. फरक पंधरवड्यात कळला, काखेतला तो कडकपणा पण गेला.

धुताना कपडे उलटे करायचे, घाम आतूनच असतो ना. लेगिंग्ज आणि ब्रा जाळीच्या पिशवीत, हुक लावून, आणि मशीन ३० डिग्रीवर. जीन्स, टॉवेल ह्यांच्यासोबत अजिबात नको, चेनने धागे ओढले जातात आणि टॉवेलचे बारीक तंतू चिकटतात ते वेगळंच. आमच्या मावशी कपडे हाताने धुतात तेव्हा त्यांना एवढंच सांगितलंय की ह्यांना ब्रश नको आणि पिळ नको, नुसतं दाबून पाणी काढा, त्यांनाही ते सोपं वाटतं.

ज्या टीशर्टात वास आधीच मुरलाय त्याला बादलीभर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर, अर्धा तास, मग नेहमीसारखं धुवायचं. मशीनमध्ये मी ते ओतत नाही, दाराच्या रबरासाठी चांगलं नाही. आणि एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा, व्हिनेगर आणि क्लोरिनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. तसंही क्लोरिन स्पॅन्डेक्स खाऊन टाकतं. फारच जुना वास असेल तर ऑक्सिजनवालं (क्लोरिन नसलेलं) ब्लीच कोमट पाण्यात, ते मला व्हिनेगरपेक्षा जास्त आवडलं.

पावसाळ्यात खरी कसोटी वाळवण्याची. घरी आल्या आल्या कपडे बॅगेतून काढून निदान दांडीवर पसरा, लगेच धुवायला जमलं नाही तरी चालेल पण ओला गोळा बॅगेत रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल मेहनत. धुऊन झालं की पंख्याखाली मोकळं वाळत घाला, पॉलिस्टर पटकन वाळतं. उन्हाळ्यात सावलीत, कडक उन्हाने स्पॅन्डेक्सची ताण धरायची शक्ती जाते, इस्त्रीनेही तेच.

ह्या पद्धतीने टीशर्ट मस्त टिकलेत, रंग आहे, वास नाही. लेगिंग्ज पण ठीक. ब्राच्या खालच्या पट्ट्या मात्र सैल झाल्याच, त्या किती जपलं तरी होतातच असं बायकोचं म्हणणं आहे, त्यामुळे आता ती दोन-तीन आलटून पालटून घालते म्हणजे प्रत्येकीला मध्ये एक दिवस मिळतो.