चोडण की गालजीबाग?

पाहुण्यांना गोव्यात एका दिवसात वाटाड्यासोबत किनारी निसर्गभ्रमंती घडवायची, तर मांडवी नदीतल्या चोडण बेटावर न्यावं की गालजीबागच्या समुद्रकिनाऱ्यावर, असं मावसबहिणीनं विचारलंय.

प्रवासाच्या सोयीत चोडणच सरस. रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौ. किमी. गालजीबाग पार दक्षिण टोकाला, काणकोणात. पणजीहून जाण्यायेण्यातच बराच दिवस सरतो.

वाटाड्याचे पैसे मात्र चोडणलाच वसूल होतात. खारफुटीची श्वासमुळं, चिखलातले निवटे मासे, फांदीवरचा खंड्या कुणी दाखवला नाही तर नुसती झाडीच दिसते, आणि ते फार वाईट. ओहोटीची वेळ आधी विचारा. गालजीबागची वाळू स्वतःही चालता येते; फक्त ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांपासून लांब राहा.

सोबत आजी-आजोबा असतील तर चोडण. मोकळा समुद्र नि लांब चाल हवी असेल तर गालजीबाग.